बनुबाई, चवीपुरती

सांगलीतल्या एका सरकारी कार्यालयात दोन शिक्के आहेत. दोन्हींवरचा मजकूर एकच आहे. त्यांतल्या एकाच्या मुठीला तपकिरी चिंधी बांधलेली आहे आणि तो वेगळ्या खणात राहतो.

*

कुंडलच्या एका घरात माणसं दोन आणि चुलीही दोन.

*

राजस्थानात, वाळूत ठोकलेल्या एका तंबूत, काही जवान बरणीभोवती बसले होते. बरणीच्या तळाशी नुसतं तेल उरलं होतं. त्यात चपातीचा शेवटचा तुकडा कोणी फिरवायचा, यावर सेवाज्येष्ठता लागू करण्यात आली.

*

एका फ्रीजमध्ये एक फाइल आहे. तिच्याशेजारी ताकाची पिशवी ठेवायला मनाई आहे.

*

सूचना : या कथेत कोंबडी आहे. आज ज्यांचा वार असेल त्यांनी ती उद्या वाचावी. उद्याही वार असेल तर परवा.

*

निवृत्त हवालदार नाथाजी, राहणार कुंडल, तालुका पलूस, यांनी कोंबडीच्या लोणच्याच्या बरणीवर चिकटवायच्या लेबलाला शासनाची मान्यता मिळावी म्हणून सांगलीत अर्ज केला. या प्रकरणात सरळ घडलेली गोष्ट एवढीच.

नाथाजीची उभी नोकरी फौजेत गेली. सुट्टी संपवून तो परत निघाला की त्याची बायको बनुबाई ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध लोणच्याची बरणी ठेवायची. मिरजेला गाडीत जागा मिळाली की नाथाजी आधी ट्रंक हुंगायचा, तेल गळत नाही ना याची खात्री करायचा, आणि मगच घरच्या आठवणीने हळवा व्हायचा. पलटणीत त्या बरणीला 'हवालदारसाब का अचार' म्हणत. ती बर्फात गेली, वाळूत गेली, एकदा मेजरसाहेबांच्या टेबलावरही गेली. पण लोणचं घालणाऱ्या बाईचं नाव काय, हे कोणी विचारलं नाही. खाताना सगळ्यांचीच तोंडं भरलेली असायची, त्यामुळे सांगायचंही राहून गेलं.

निवृत्तीनंतर नाथाजीने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला. मिरजेचा दिलावर, कोंबड्यांचा व्यापारी आणि त्याचा जुना दोस्त, भागीदार झाला. दिलावरने कोंबडी कापायची, बनुबाईने लोणचं घालायचं आणि नाथाजीने बरण्या 'सावधान'मध्ये उभ्या करायच्या, अशी कामाची वाटणी होती. मीठ बघायचं कामही दिलावरकडेच होतं. तो चमचा चाटायचा, डोळे मिटायचा, "वैनी, बरोबर हाय," म्हणायचा, आणि मगच बरण्या भरल्या जायच्या.

अशात पलटणीचा निरोप आला. स्थापना दिवसाला लोणचं पाठवा, सगळ्या कंपन्यांना पुरेल एवढं. फक्त आता छावणीत मान्यता मिळालेल्या लेबलाशिवाय खायची वस्तू आत घेत नाहीत.

दुसऱ्या कोणाला यात अडचण दिसली असती. नाथाजीला संधी दिसली. लेबल लागणार म्हणजे लेबलावर नाव येणार, आणि आख्ख्या पलटणीला एकदाचं कळणार. त्याने कागदावर मोठ्या अक्षरात 'बनुबाई' लिहिलं आणि खाली 'कोंबडीचं लोणचं'.

"आवं, माजं नाव कशाला?" बनुबाई म्हणाली. "मी काय कंपनी हाय व्हय?"

"इतकी वर्सं समद्यांनी माज्या नावावर खाल्लं. आता कळूद्या की."

"मीठ बरं असलं म्हंजे झालं. नाव कोन चाटतंय?"

तरी तिने तो कागद उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. नाथाजीने ते पाहिलं. त्या घटकेला त्याने मनात ठरवलं की काहीही झालं तरी हे नाव बरणीवरून खाली उतरणार नाही. पुढचं सगळं रामायण या ठरवण्यातून झालं.

*

मांस व कुक्कुट खाद्यपदार्थ वेष्टनपट्टी मान्यता कक्ष, असं त्या कार्यालयाचं नाव होतं. वेष्टनपट्टी म्हणजे लेबल. 'लेबल' हा शब्द तिथे फक्त चहा पिताना वापरत.

वरिष्ठ लिपिक जयराज यांनी फाइल उघडली, 'कोंबडी' हा शब्द पाहिला आणि फाइल दोन बोटांनी मिटली. मग ती दोन बोटं रुमालाला पुसली.

"मेजर, आज वार कुठला?"

सातारा-सांगलीत फौजेतून परतलेल्या कोणालाही मेजर म्हणतात. खऱ्या मेजरांची त्यामुळे फार पंचाईत होते.

"गुरुवार, साहेब."

"मग?"

नाथाजीला पुढचं कळेना. फौजेत वार विचारतात तो ड्यूटी लावायला.

"मी सोमवार, गुरुवार, शनिवार खात नाही," जयराज म्हणाले.

"साहेब, खायाला न्हाई आनलं. वाचायला आनलंय."

"डोळ्यांवाटे आत जातंच की ते. उद्या या. आणि येताना नमुन्याच्या दोन बरण्या आणा, तपासणीला लागतात."

शुक्रवारी जयराज मोकळ्या मनाचे झाले होते. त्यांनी फाइल वाचून पालथी घातली, शिफारस लिहिली, संध्याकाळी कुणाकडे जेवायला जाणार आहेत आणि तिथे रस्सा कसा असतो तेही सांगितलं. आता फाइल फक्त पलीकडच्या खोलीत मान्यता अधिकारी संयोगिता मॅडम यांच्या टेबलावर जायची होती. ती न्यायचं काम शिपाई नानासो यांचं.

नानासोने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मंगळवार आन शुक्रवार आईचा वार. मी न्हाई हात लावनार."

"कागद हाय रं, नानासो," नाथाजी म्हणाला.

"कागदावर काय लिवलंय ते बी बगा की, मेजर."

"मी नेऊ का मग? हितनं तितं तर जायाचं हाय."

"अर्जदाराने फाइल हाताळणं गुन्हा आहे," जयराज म्हणाले, आणि बरण्या हाताळून आपल्या टेबलाखाली सरकवल्या.

उरला रविवार आणि बुधवार. रविवारी कार्यालय बंद. बुधवारी सगळ्यांचे हात मोकळे असत, पण त्या दिवशी संयोगिता मॅडम साताऱ्याला विभागीय आढावा बैठकीला जात. प्रकरणं का तुंबली आहेत, याचा तिथे दर बुधवारी आढावा घेतला जाई.

गाळ्यात ही हकीकत ऐकून दिलावर सुरी पुसता पुसता हसला. "गड्या, मी रमजानात दिवसभर कोंबड्या कापतो. तोंडात पान्याचा थेंब न्हाई. रोजा मानसाला असतो रं, सुरीला न्हाई. ह्यांच्या कागदाला बी उपास लागतोय व्हय?"

"मग काय करू म्हनतोस?"

"काय करू नगं. गप ऱ्हा. येत्या बुधवारी मॅडमची बैठक रद्द झाली तर झाली. न्हाईतर एकांदा म्होरला बुधवार. असल्या गोष्टी बोलल्या की घट्ट हुत्यात."

हा सल्ला उत्तम होता. या मुलखातल्या कोणत्याही व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने, वकिलाने हाच दिला असता आणि पाळलाही असता. पण नाथाजी फौजी होता. तोंडी आदेशावर त्याने उभ्या आयुष्यात एक खड्डाही खणला नव्हता. त्याने घरी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला : 'माझी फाइल कोणत्या वारी हलवता येईल, याबाबत कृपया लेखी आदेश व्हावेत. मी त्याचे तंतोतंत पालन करीन.'

कक्षाच्या इतिहासात असा अर्ज कोणी केला नव्हता. तोवर कार्यालयात जे चाललं होतं ती नुसती आवडनिवड होती. आता तो धोरणात्मक विषय झाला.

*

परिपत्रक. विषय : मांसाहारी नस्तींच्या (फाइलींच्या) हाताळणीबाबत.

एक. ज्या नस्तीत मांस, मासळी अथवा कुक्कुट यांचा प्रत्यक्ष किंवा वर्णनात्मक समावेश असेल तिला मांसाहारी नस्ती समजावे व तिच्या मुखपृष्ठावर तपकिरी त्रिकोण काढावा.

दोन. अशा नस्तीसाठी स्वतंत्र कपाट, स्वतंत्र शिक्का व स्वतंत्र शाई असावी.

तीन. मांसाहारी नस्ती हाताळल्यावर शाकाहारी नस्तीस हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. साबण सादिल (किरकोळ) खर्चातून घ्यावा.

चार. मांसाहारी नस्ती कोणत्या वारी हलवावी याबाबत आदेश यथावकाश काढण्यात येतील.

*

मांस आणि कुक्कुट यांच्यासाठीच असलेल्या त्या कक्षात शाकाहारी फाइल एकच होती. ती कर्मचाऱ्यांच्या रजेची. तिच्यासाठी एक कपाट रिकामं करण्यात आलं.

नव्या शिक्क्याला चिंधी बांधली गेली. साबण आला. आणि एका बुधवारी खरोखरच साताऱ्याची बैठक रद्द झाली. फाइल मॅडमच्या टेबलावर पोहोचली.

संयोगिता मॅडम यांना वार नव्हता. त्या सगळं खात, पण सगळं नियमाने करत. जयराजांच्या अडचणीवर इलाज होता, कारण दिवस मावळला की त्यांचा वार संपायचा. मॅडमचा नियम मावळत नसे.

त्यांनी नमुना लेबल वाचलं. "'उघडल्यानंतर थंड जागी ठेवावे' असं इथं लिहिलंय."

"व्हय मॅडम."

"ही फाइल उघडली आहे का?"

नाथाजीने फाइलकडे पाहिलं. ती उघडीच होती.

"मग ती थंड जागी हवी. आपणच मान्यता देणार आणि आपणच सूचना पाळणार नाही, हे कसं चालेल?"

फ्रीज खरेदीचा प्रस्ताव गेला आणि मंजूरही झाला, कारण उन्हाळा जवळ आला होता. फ्रीज आल्यावर त्यात फाइल ठेवली, आणि जागा मोकळी दिसली म्हणून जयराजांनी ताकाची पिशवी ठेवली. मग शाकाहारी ताक आणि मांसाहारी फाइल एका फळीवर कशी, असा आक्षेप स्वतः जयराजांनीच नोंदवला. ताक बाहेर आलं आणि नासलं. त्या दिवसापासून जयराज नाथाजीशी थोडे तुटक वागू लागले.

*

पहिलं त्रुटीपत्र असं होतं : 'कोंबडी' हा शब्द ठळक असल्यामुळे, ज्यांचा वार आहे अशा नागरिकांच्या नजरेस तो दुकानात पडू शकतो. सबब तो दिसणार नाही इतका बारीक करावा. नमुन्याच्या आणखी दोन बरण्या पाठवाव्यात.

"मॅडम, सोमवारी दिसला तर त्यानं सोमवारी घिऊ न्हाई," नाथाजी म्हणाला.

"घेऊ नये हे त्याला वाचल्यावर कळणार. पण तोवर वाचलं गेलं ना?"

नाथाजीने शब्द बारीक केला. इतका, की छपाईवाल्याने तो डाग समजून दोनदा पुसला.

दुसरं त्रुटीपत्र : पदार्थाचे नाव ग्राहकास सहज वाचता येईल इतके मोठे असणे बंधनकारक आहे. सबब 'कोंबडी' हा शब्द मोठा करावा. पहिल्या त्रुटीपत्रातील सूचना कायम आहे. नमुना अपुरा पडला, बरण्या पाठवाव्यात.

दुसरा कोणी असता तर दोन्ही कागद घेऊन भांडायला गेला असता. नाथाजीला फौजेत एका साहेबाने पूर्वेला आणि दुसऱ्याने पश्चिमेला एकाच वेळी कूच करायला सांगितलं होतं, आणि त्याने ते बजावून दाखवलं होतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि 'कोंबडीचं लोणचं' हे शब्द चांगले बोटभर मोठे छापले, पण लेबलाच्या मागे, डिंक लावायच्या बाजूला. बरणी भरलेली असताना ते दिसणार नव्हते. लोणचं संपलं की काचेतून ठसठशीत वाचता येणार होते.

संयोगिता मॅडम पहिल्यांदा हसल्या. "तुम्हाला नियम कळतात, मेजर. असे अर्जदार येत नाहीत."

गाळ्यात ते ऐकून दिलावरने सुरी खाली ठेवली. "म्हंजे बरनी संपल्याबिगर गिऱ्हाइकाला कळनार न्हाई, आपुन काय खाल्लं त्ये?"

"व्हय."

"लय कायदेशीर हाय, गड्या."

*

आता दर्शनी बाजूला एकच शब्द उरला.

"बनुबाई म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"आमची मंडळी."

"त्या या पदार्थात आहेत का?"

नाथाजी गडबडला. "न्हाई म्हंजे… घालत्यात त्या."

मॅडमनी समजावून सांगितलं. मागे एका कंपनीने डब्यावर बदामाचं चित्र छापलं होतं आणि आत बदाम नव्हता. विधिमंडळात प्रश्न झाला. तेव्हापासून लेबलाच्या पुढे जे जे दिसेल त्याचा मागे घटकांमध्ये हिशेब लागलाच पाहिजे. "पुढे बनुबाई आहेत. मागे कोंबडी, शेंगतेल, लाल तिखट, आलं-लसूण, लिंबाचा रस, मीठ. बनुबाई कुठे आहेत? एक तर घटकांत प्रमाणासह लिहा, नाहीतर पुढून नाव काढा. नुसतं 'लोणचं' ठेवा. उद्या मान्यता देते."

स्थापना दिवस तोंडावर आला होता. नुसतं 'लोणचं' ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी बरण्या रवाना झाल्या असत्या आणि पलटणीने पुन्हा 'हवालदारसाब का अचार' म्हणून बोटं चाटली असती. नाथाजी जिन्यात उभा राहिला. त्याला उजेडात धरलेला तो कागद आठवला. परत वर जाऊन त्याने जयराजांचं पेन मागून घेतलं आणि यादीत सहाव्या घटकाखाली लिहिलं :

सात. बनुबाई (चवीपुरती).

जयराजांनी ते वाचलं. त्यांना काही चुकीचं वाटलं नाही. "चवीपुरती म्हणजे अंदाजे किती?"

"साहेब, तिच्याबिगर चवच न्हाई."

"मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी पुढे बरोबरची खूण केली.

तिसरं त्रुटीपत्र : घटक क्रमांक सात याचा मूळ स्रोत नमूद नाही. तपासणी अहवाल जोडलेला नाही. बरण्या पाठवाव्यात.

मूळ स्रोत सोपा होता : बनुबाईचं माहेर. तपासणीचं अवघड निघालं. प्रयोगशाळा घटक झाकणबंद डब्यात मागत होती. शेवटी नाथाजी तिला मोटारसायकलवर बसवून मिरजेच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. मिरज दवाखान्यांचं गाव; तिथे नुसती चक्कर मारून आलं तरी चार तपासण्या होतात.

"काय त्रास होतोय, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला न्हाई. आफिसला हुतोय."

अहवाल आला : रक्त थोडं कमी, बाकी प्रकृती उत्तम, विश्रांतीची गरज. जयराजांनी त्यावर शेरा मारला, 'घटकात भेसळ आढळली नाही. घटकास विश्रांतीची गरज असल्याने उत्पादन आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे.' त्या संपूर्ण प्रकरणात शासनाने बनुबाईच्या हिताचा घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि तो चुकून घेतला गेला.

"बगा," बनुबाई गाळ्यात टेकून बसत म्हणाली, "इतक्या वर्सांत तुमी कवा म्हनला न्हाई, बस म्हनून. सरकारनं म्हनलं."

दिलावरने चमचा चाटत दुसरीकडे पाहिलं.

चौथं त्रुटीपत्र एका ओळीचं होतं : घटक क्रमांक सात — शाकाहारी / मांसाहारी. लागू नसेल ते खोडावे.

तो कागद घेऊन नाथाजी घरी बसला. आत बनुबाई भाकरी थापत होती. फौजेत साहेबाला खोटं सांगायचं नसतं. त्याने पट्टी घेतली आणि 'मांसाहारी' हा शब्द सरळ रेषेत खोडला.

"मेजर, नक्की ना?" जयराजांनी विचारलं. "पुढे बदलता येणार नाही."

"शपथेवर सांगतो, साहेब."

*

त्यानंतर जे झालं ते इतकं नियमानुसार झालं की त्यात कोणाचाच दोष काढता येत नाही.

पदार्थाचं चिन्ह दर्शनी घटकावरून ठरतं. दर्शनी बाजूला एकच घटक होता, क्रमांक सात. घटक क्रमांक सात शाकाहारी असल्याचं अर्जदाराने शपथेवर सांगितलं होतं. सबब संयोगिता मॅडमनी तपकिरी त्रिकोण खोडला आणि तिथे हिरवा ठिपका मंजूर केला.

"मॅडम," नाथाजी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, "आत कोंबडी हाय!"

"ती मागच्या बाजूला आहे."

"लेबलाच्या न्हाई वो, बरनीच्या आत! समदी बरनी भरून!"

"हा कक्ष वेष्टनपट्टीला मान्यता देतो, मेजर. बरणीशी आमचा संबंध येत नाही." मग मॅडम थोड्या मऊ झाल्या. "तुम्हाला नाव हवं होतं ना? नाव राहिलंय. हवं तर अर्ज मागे घ्या. नव्याने करता येईल."

नव्याने म्हणजे पुन्हा गुरुवार. स्थापना दिवस पुढच्या वर्षीही येणार होता, पण बनुबाईचं रक्त पुढच्या वर्षी किती असेल हे कोणी लिहून दिलं नव्हतं. नाथाजीने टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला.

फाइल शाकाहारी झाल्याने फ्रीजमधून बाहेर आली. नवं मांसाहारी प्रकरण येईपर्यंत फ्रीज रिकामा ठेवणं योग्य नव्हतं, म्हणून फाइलची एक प्रत आतच ठेवण्यात आली. तो दिवस सोमवार होता. जयराजांनी फाइल दोन्ही हातांनी घेतली. नानासोने ती आपणहून नेली. बिनचिंधीचा शिक्का बसला. आणि नमुन्याची शेवटची बरणी, जी बुधवारसाठी राखून ठेवली होती, ती त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोडण्यात आली.

"आज सोमवार हाय, साहेब," नाथाजी दारातून म्हणाला.

"मान्यता मिळाली ना, मेजर?" जयराज म्हणाले. त्यांच्या बोटांना तेल लागलं होतं आणि ते रुमालाला पुसत नव्हते.

*

पलटणीच्या खोक्यांवर नाथाजीने खडूने मोठ्या अक्षरात 'चिकन' असं लिहिलं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. खोकं म्हणजे वेष्टनपट्टी नव्हे. बरण्या वेळेवर पोहोचल्या.

स्थापना दिवसाच्या दुपारी फोन आला. मागे बँड वाजत होता. पलीकडचा सुभेदार ओरडून विचारत होता, "नाथाजी, ये बनुबाई कौन है भाई?"

नाथाजी गाळ्यात होता. तो स्टुलावरून उठून ताठ उभा राहिला. किती वर्षं त्याने या प्रश्नाचं उत्तर मनात पाठ केलं होतं. आता ते एकही वाक्य आठवेना.

"साब, अचार उसीका है," तो म्हणाला. "शुरू से." आणि फोन बनुबाईच्या हातात दिला.

बनुबाईने पदर सावरला, फोन कानापासून जरा लांब धरला. "मीठ बरं हाय का?" तिने विचारलं.

सुभेदाराला मराठी येत नव्हती. "बहुत बढ़िया, भाभीजी! बहुत बढ़िया!"

तिने फोन परत दिला. "भावजी," ती दिलावरला म्हणाली, "तुमचं बरोबर हुतं."

*

श्रावण लागला तशी कुपवाडच्या गाळ्यापुढे रांग लागली.

नाथाजी प्रत्येकाला सांगत होता. परिपत्रकात तोंडाने सांगण्याबद्दल काही मनाई नव्हती. "दादा, ह्यात कोंबडी हाय."

"माहीत आहे हो, मेजर. हळू बोला."

"ताई, कोंबडी हाय ह्यात."

"हिरवा ठिपका आहे ना?"

"हाय."

"सरकारनं दिलाय ना?"

"दिलाय."

"मग आम्ही कशाला वाचू मागचं? चार द्या. आणि पिशवी काळी द्या."

सोमवारी सगळ्यात लांब रांग असायची. एकजण शेजाऱ्यासाठी, एकजण आजारी मेव्हण्यासाठी, एकजण नुसती चौकशी करायला आलेला. चौकशीला आलेल्याने सहा नेल्या. दिलावरला माल पुरवता पुरवता दम लागला. "गड्या," तो म्हणाला, "तपकिरी त्रिकोन असता तर निम्मं बी खपलं नसतं. समद्या सरकारात ह्या मॅडमलाच धंदा कळतोय."

फक्त एक गोष्ट नाथाजीच्या लक्षात आली. रिकामी बरणी परत आणली तर नव्या बरणीवर सवलत, असा फलक त्याने लावला होता. एकही रिकामी बरणी परत आली नाही. लोक शेवटचा थर संपवतच नव्हते. बरणी पूर्ण रिकामी झाली की मागचं बोटभर अक्षर वाचता येतं, आणि तेवढं कुणालाच नको होतं.

तुमच्याही फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला, तळाशी दोन बोटं उरलेली अशी एक बरणी असेलच. उघडून बघू नका. सुरुवातीची सूचना वाचूनही तुम्ही इथवर आलात, तेव्हा आज वार कोणता, हेही आम्ही विचारत नाही.

लग्नाच्या आधीपासून बनुबाईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तिची चूल वेगळी आहे, आणि त्या लोणच्याची चव तिने कधी घेतलेली नाही.